अंतरंग-बहिरंग उपपत्ती आणि शोधनिबंधाचे चिकित्सक वाचन

शोधनिबंध वाचणे म्हणजे त्यातील निष्कर्ष टिपून घेणे नव्हे; त्या निष्कर्षापर्यंत नेणारा पुरावा पारखणे होय. लेखकाचा अधिकार जितका मोठा, तितकी ही पारख अवघड होते. भारतीय आर्यभाषांच्या अभ्यासाच्या इतिहासात याचे एक बोधप्रद उदाहरण आढळते, आणि त्यात मराठीचे स्थानच वादाचा विषय झाले होते.

रुडॉल्फ होर्न्ले यांनी १८८० मध्ये आपल्या तौलनिक व्याकरणात असे सुचविले की, आर्य भारतात दोन लाटांनी आले व नंतरच्या लाटेने आधीच्यांना चहूकडे रेटले. भाषिक सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रियर्सन यांनी ही कल्पना विकसित करून आधुनिक आर्यभाषांची अंतरंग व बहिरंग अशी विभागणी केली. पश्चिमी हिंदी, पंजाबी, गुजराती, राजस्थानी या अंतरंग ठरल्या. लहंदा, सिंधी, मराठी, उडिया, बिहारी, बंगाली व असमिया या बहिरंग. सर्वेक्षणाचा अफाट व्याप पाहता हे वर्गीकरण सर्वमान्य व्हावे, यात नवल नव्हते.

सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली, ती बंगाली भाषेच्या उद्गम-विकासावरील प्रबंधाबद्दल. हा प्रबंध १९२६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ग्रियर्सन यांच्या प्रमाणांची एकेक करून छाननी केली.

ही छाननी कशी करावयाची, हे दोन प्रमाणांवरून स्पष्ट होते. पहिले प्रमाण ‘स’काराचे. बहिरंग भाषांत ‘स’चा ‘श’ किंवा ‘ह’ होतो, असे प्रतिपादन होते. बंगालीत ‘सात’चा उच्चार ‘शात’ होतो, हे खरे. मराठीत मात्र ‘सात’, ‘सोने’ यांतील ‘स’ अबाधित आहे; ‘शिवणे’, ‘शिकणे’ यांत ‘श’ येतो तो पुढील ‘इ’काराच्या प्रभावाने. एकाच चिन्हाखाली दोन भिन्न प्रक्रिया एकत्र केल्या गेल्या. उलट ‘स’चा ‘ह’ होणे हिंदी क्षेत्रातही आढळते : ‘इकहत्तर’ हा संख्याशब्द किंवा ब्रजभाषेतील ‘करिहै’ हे भविष्यरूप पाहावे. दुसरे प्रमाण भूतकाळी ‘ल’चे. मराठी ‘गेला’ व बंगाली ‘गेलो’ यांचे साम्य लक्षवेधी आहे. परंतु बहिरंग म्हटलेल्या लहंदेत हा भूतकाळी ‘ल’ नाही, आणि अंतरंग म्हटलेल्या गुजरातीत ‘करेलुं’ यासारखे कृदंत आहे. अनुकूल उदाहरणांची यादी म्हणजे पुरावा नव्हे. गटाबाहेर तेच लक्षण नाही ना व गटात ते सर्वत्र आहे ना, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

विशेष हे की, चटर्जींच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली ती ग्रियर्सन यांनीच. तथापि १९२७ च्या सर्वेक्षणखंडातही त्यांनी आपले वर्गीकरण सोडले नाही. मतभेद व आदर एकत्र नांदू शकतात, हे दोघांनीही दाखविले.

वाद तेथेच संपला, असेही नाही. २००५ मध्ये फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी दक्षिण आशियाच्या भाषिक पुरातत्त्वावरील आपल्या ग्रंथात ही उपपत्ती वेगळ्या स्वरूपात पुन्हा मांडली. एखाद्या उपपत्तीचा पुरावा अपुरा ठरणे आणि उपपत्ती असत्य ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. त्यामुळे चटर्जींचे खंडनसुद्धा त्याच कसोट्यांवर घासून पाहिले पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील सार थोडक्यात असे : निबंधातील दावा एका वाक्यात मांडावा, प्रत्येक प्रमाणाचा दाव्याशी असलेला संबंध तपासावा, प्रतिकूल उदाहरणे स्वतः शोधावीत, आणि मग लेखकाचे नाव पाहावे. ज्याला मराठी येते, त्याच्या हाती ‘सात’ आणि ‘शिवणे’ हे दोन शब्द असतातच. मोठ्या ग्रंथालाही प्रश्न विचारण्यास तेवढे भांडवल कित्येकदा पुरते.