पाळ कोणी बांधली, नाव कोणाचे लागले?

बिरसी म्हटले की लोकांना विमानतळ आठवतो. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ती धावपट्टी. पण आमच्या गोंदिया-भंडाऱ्याचा खरा इतिहास धावपट्टीवर नाही, तलावाच्या पाळीवर लिहिलेला आहे.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. परंपरा सांगते की गोंड राजांनी बाहेरून कोहळी आणले, तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली आणि त्यांच्या कौशल्याने धानाचा मुलूख उभा राहिला. नवेगावबांधचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. कौशल्य खरे, त्याचा आम्ही आदरच करतो. पण आमचा प्रश्न वेगळा आहे.

असाच इतिहास पोलंडमध्ये घडला. सोळाव्या शतकात धर्मछळाला कंटाळलेले डच मेनोनाइट व्हिस्तुला नदीच्या मुखाशी आले. त्यांनी बांध घातले, चर खणले, पवनचक्क्यांनी पाणी उपसले आणि दलदलीची शेती केली. जमीनदारांना खंड हवा होता, म्हणून त्यांनी या लोकांना वेठीला न धरता लेखी करार दिले. अनेक वर्षांची मुदत, ठरलेला खंड, व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि गावाने निवडलेला मुखिया. त्याच वेळी शेजारचा पोलिश शेतकरी मालकाच्या शेतावर वेठ करत होता. रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये ती वेठ सुटायला १८६४ साल उजाडले.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. पुढे जर्मन आणि पोलिश शेतकऱ्यांनीही तसेच करार मिळवले. त्यांनाही 'ओलेंडर', म्हणजे हॉलंडवाले, म्हटले जाऊ लागले. ज्यांनी हॉलंड पाहिलेही नव्हते, त्यांनाही! शब्द रक्ताचा होता, तो हक्काचा झाला. पोलंडला डचांनी दिलेला मोठा वारसा पवनचक्की नव्हे, हा करार आहे.

आमच्याकडे काय झाले? इथे उलटे झाले. पाणी अडवण्याचे कौशल्य जात बनले, मासे धरणे ढिवरांची जात बनली, माती उपसणे आणि गावकी महारांच्या माथी आली. पाळीवर घाम सगळ्यांचा गळला, पण करार कोणाशी झाला? मालगुजाराशी. बाकीच्यांच्या वाट्याला वेठबिगार आली. जात श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले, ते आमच्या प्रत्येक तलावाला लागू पडते. आणि पाण्यावरचा हक्क? त्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. १९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले. आम्ही त्यांना निवडून दिले नाही, हेही आम्ही विसरू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. मामा तलावांचा गाळ काढताना त्यांच्या इतिहासाचाही गाळ काढा. गावच्या म्हाताऱ्यांना विचारा, पाळीवर टोपली कोणी वाहिली, तुडुम कोणी उघडला आणि पाणी कोणाच्या बांधीत आधी गेले. ते लिहून ठेवा. वारसा सांगायचा तर पूर्ण सांगा, नाहीतर तो फक्त मालकाचा वारसा ठरेल.

जय भीम.