परसातल्या कोंबड्या आणि एका मुलाची वही

सकाळी परसात मूठभर दाणे टाकले, की कोंबड्या धावत येतात. दोन मिनिटे नीट पाहिले तर ही नुसती झुंबड नाही हे लक्षात येते. एखादी थोराड कोंबडी मधोमध उभी राहून निवांत टिपत असते. दुसरी एक दाणा उचलते, मान वर करून इकडेतिकडे पाहते, मग दुसरा उचलते. एखादी कडेलाच घुटमळते. पुढे सरकली की डोक्यावर टोच बसते. कोंबड्या पाळणाऱ्या घरातल्या आजीला हे सारे ठाऊक असते. कोणती कोंबडी खाष्ट आणि कोणती गरीब, हे ती न बघता सांगेल. पण या रोजच्या दृश्यात एक नियम दडलेला आहे आणि तो कागदावर मांडता येतो, हे दाखवून दिले नॉर्वेतल्या एका शाळकरी मुलाने.

सुट्टीतला उद्योग

थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे याचा जन्म १८९४ साली क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात झाला. आई-वडील दोघेही शिल्पकार. सुट्टीत शहराबाहेर राहायला जाणे होई, तिथे त्याला कोंबड्यांचा लळा लागला. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने त्यांच्यासाठी एक वही घातली. कोणी कोणाला टोचले, याच्या नोंदी तो त्या वहीत करू लागला.

हे वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी आधी प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखता आली पाहिजे. मग एकाच जोडीकडे पुन्हा पुन्हा लक्ष द्यावे लागते. असे केल्यावर त्याला दिसले, की कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांच्यातली टोचणारी आणि टोचून घेणारी ठरलेली असते. पहिल्या गाठीतच, कधी झटापट होऊन तर कधी एकीने मुकाट्याने बाजूला होऊन, हा निकाल लागतो आणि पुढे बहुधा तसाच टिकतो. अशा सगळ्या जोड्या एकत्र मांडल्या की क्रम तयार होतो. सर्वांत वरची कोंबडी सगळ्यांना टोचते, सर्वांत खालची कोणालाच टोचत नाही. जगभर आज ज्याला ‘टोचण्याचा क्रम’ म्हणतात, तो हाच.

मात्र क्रम नेहमीच असा सरळ नसतो. कधी कधी अ ही ब ला टोचते, ब ही क ला टोचते आणि क मात्र अ ला टोचते! असे त्रिकोणही त्याने नोंदवून ठेवले.

या त्रिकोणाविषयी आमची एक चूक सांगायला हवी. आमचा विषय पदार्थविज्ञान. घरच्या सात कोंबड्यांचा असा तक्ता आम्ही मुलांना करायला दिला होता. सात कोंबड्यांच्या जोड्या होतात २१. काही दिवसांनी धाकट्या मुलीने तक्त्यात एक त्रिकोण आणून दाखवला. ‘बघण्यात काहीतरी चुकले असेल, खोडून टाक,’ असे आम्ही सांगून मोकळे झालो. तिने खोडले नाही. पुन्हा चार दिवस दाणे टाकून पाहिले आणि तीच नोंद परत आणली. पुढे या विषयावरचे वाचन केले, तेव्हा कळले की चूक आमची होती.

लोकप्रिय मासिकातून विद्यापीठाकडे

१९१३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, थोर्लाइफने कोंबड्यांच्या आवाजांवर एक लेख लिहिला. तो छापला ‘नातूरेन’ या सर्वसामान्यांसाठीच्या नॉर्वेजियन विज्ञानपत्रिकेने. पुढे ते प्राणिशास्त्राकडे वळले. मायदेशातल्या विद्यापीठात मात्र त्यांचे जमले नाही. अखेर १९२१ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातून त्यांनी पाळीव कोंबडीच्या दैनंदिन जीवनावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. १९२२ साली मानसशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि टोचण्याचा क्रम विज्ञानजगताला माहीत झाला. नॉर्वेच्या विद्यापीठीय वर्तुळात त्यांना मानाची जागा मात्र कधीच मिळाली नाही. १९७६ साली ते वारले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण इथे अगदी चपखल बसते.

इतर संशोधकांप्रमाणे त्यांच्या हातूनही अतिरेक झाला. कोंबड्यांत जे दिसले ते सगळ्या सृष्टीचेच मूलतत्त्व आहे, वरच्याने खालच्यावर हुकूमत गाजवायची हा निसर्गाचाच नियम आहे, असे ते मांडू लागले. निरीक्षण पक्के होते, पण त्यावर चढवलेला मजला कच्चा होता.

पुढे काय झाले?

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात डब्ल्यू. सी. ॲली यांच्या गटाने हा विषय प्रयोगाच्या मांडवात आणला. १९३९ साली त्यांनी खालच्या क्रमांकावरच्या कोंबड्यांना टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक टोचून पाहिले. त्या कोंबड्या क्रमात वर चढल्या! म्हणजे कोंबडीची जागा जन्मतःच कायमची ठरलेली नसते. १९४४ साली गूल आणि ॲली यांनी दोन प्रकारचे कळप ताडून पाहिले. एका प्रकारात त्याच त्या कोंबड्या कायम एकत्र होत्या, दुसऱ्यात त्यांची सतत अदलाबदल होत होती. स्थिर कळपात टोचाटोची कमी झाली, कोंबड्यांनी दाणे जास्त खाल्ले आणि अंडीही जास्त घातली. क्रमाचा उपयोग इथे कळतो. एकदा निकाल लागला की रोज भांडायची गरज उरत नाही. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनीही यातून धडा घ्यावा. खुराड्यात वरचेवर नवी तलंग आणून सोडली, की सगळी घडी पुन्हा विस्कटते.

आता थोडे गणित. आमच्या सात कोंबड्यांच्या २१ जोड्यांचे निकाल नुसत्या नाणेफेकीने लागले असते, तर एकही त्रिकोण नसलेला सरळ क्रम मिळण्याची शक्यता ४१६ मध्ये सुमारे एक इतकीच येते. प्रत्यक्षात कोंबड्यांत सरळ किंवा जवळजवळ सरळ क्रम पुष्कळदा आढळतात. असे का, हा प्रश्न एच. जी. लँडाऊ यांनी १९५१ साली गणिताने तपासला. ताकद किंवा आकार यांतल्या फरकाने तेवढा सरळपणा येत नाही, असे त्यांना आढळले. एकदा हरलेली कोंबडी पुढच्या गाठीतही दबते आणि जिंकलेली चढते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

वर्गासाठी एक कोडे: जी कोंबडी सर्वांत जास्त जणींना टोचते ती घ्या. जिला ती टोचत नाही, अशा प्रत्येक कोंबडीला तिच्या हाताखालची कोणीतरी टोचतेच. हे सिद्ध करा. (सुचवणी: तसे नसेल, तर त्या दुसऱ्या कोंबडीच्या विजयांची संख्या मोजून पाहा.)

शाळेत काय करता येईल?

गावात कोणाकडे तरी पाच-सात कोंबड्या असतातच. पायात सैल रंगीत कडी घालावीत, म्हणजे ओळख पटते. रोज एकाच वेळी, एकाच जागी थोडे दाणे टाकावेत आणि दहा मिनिटे लांब बसून पाहावे. कोंबड्यांना मुद्दाम झुंजवू नये, उपाशीही ठेवू नये. नंतर साबणाने हात धुवावेत. तक्त्यात जी जोडी दिसली नाही, ते घर रिकामे ठेवावे. आमच्या मुलांच्या तक्त्यात तीन आठवड्यांनंतरही दोन घरे रिकामी राहिली. ती अंदाजाने भरण्याचा मोह आम्हालाच जास्त होत होता!

आणखी एक काळजी घ्यावी. हा तक्ता पाहून मुले वर्गातल्या बाकांवरही असाच क्रम लावू लागतील. तेव्हा १९३९ च्या प्रयोगाची आठवण करून द्यावी. कोंबडीचीही जागा बदलू शकते, मग मुलांचे काय घेऊन बसलात?

आणि एखाद्या मुलाने वहीत आपल्या पाठ्यपुस्तकात न बसणारी नोंद आणली, तर खोडरबर हातात देण्याआधी त्याच्याबरोबर परसात जाऊन एकदा पाहावे.