कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

कराची आणि मुंबई येथील विमानतळांमध्यें सरळ रेषेनें सुमारें ८७५ किलोमीटर अंतर आहे, हें कोणीही नकाशा मोजून सांगेल. परंतु तेवढ्या प्रवासास वेळ किती लागतो, याचें उत्तर नकाशांत सांपडत नाहीं. त्यासाठीं इतिहासाचींच पानें उलटावीं लागतात.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें १९२९ सालीं लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवसांत टपाल कराचीस पोंचूं लागलें. पुढें मात्र तें आगगाडीच्या स्वाधीन होई. ही उणीव भरून काढण्यासाठीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून पस मॉथ जातीचें चिमुकलें विमान उडविलें, आणि दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं तें जुहूस उतरविलें. सव्वासात तास झाले! वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल घ्यावें लागलें. तें आलें बैलगाडींतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत. विमानानें बैलांची वाट पाहावी, हें ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु आकाशांतील वेग जमिनीवरील सोयींच्या पुढें जात नाहीं, हें त्यावरून उत्तम कळतें. जुहूहून टपाल नेव्हिल व्हिंटसेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें.

जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. तेव्हां टाटांचीं विमानें येरवड्याच्या तुरुंगानजीकच्या मैदानावर उतरत. म्हणजे टपालाच्या मार्गांत कांहीं महिने पुण्याचा समावेश होई. आम्हां निगडीकरांस आज लोहगांवचा विमानतळ गाठावयाचा तर रहदारींत तास-दीड तास सहज मोडतो. तेवढ्या वेळांत आधुनिक जेट विमान कराचीहून मुंबईस येऊं शकेल.

येऊं शकेल, असें म्हणतों. येतें, असें म्हणवत नाहीं. १९३२ सालीं हीं दोन्ही शहरें एकाच मुंबई इलाख्यांत होतीं. सिंध १ एप्रिल १९३६ रोजीं वेगळा प्रांत झाला, आणि १९४७ सालीं मध्यें सरहद्द आली. तरीही १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं जुन्या लेपर्ड मॉथ विमानांतून त्याच वाटेनें कराचीहून मुंबई गांठली. पुढें एप्रिल २०२५ मध्यें दोन्ही देशांनीं परस्परांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. थेट सेवा नसली म्हणजे कराचीच्या प्रवाशानें प्रथम पश्चिमेस दुबईस जावें आणि तेथून पूर्वेकडे मुंबईस यावें. हें अंतर होतें ३,१०० किलोमीटरांच्या आसपास, आणि नुसतें उड्डाणच सुमारें पांच तासांचें. दुबईंत दुसऱ्या विमानासाठीं तिष्ठण्याचा काळ त्यांत मिळविला, तर टाटांचे सव्वासात तास बहुधा मागें पडतात.