पेन्सिल, शाई आणि प्रॉडक्शन

पीएच.डी.चा विषय सांगितला की फुलसावंगीत (ता. महागाव, जि. यवतमाळ) हमखास प्रश्न येतो, "म्हणजे नेमकं काय?" मग मी सातबारा काढतो.

जमीन विकली की तलाठी, आमच्याकडचा पटवारी, फेरफाराच्या रजिस्टरात म्हणजे गाव नमुना 6 मध्ये नोंद घेतो. हस्तलिखित सातबाराच्या काळात तिचा क्रमांक सातबारावर आधी पेन्सिलीने पडायचा. संबंधितांना नोटीस जायची. हरकत नसली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करायचा, मगच शाई. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 मध्येच आहे. अधिकारही पदाचा. पटवारी बदलून गेला की त्याची लेखणी इथेच राहते.

संगणकात हेच तत्त्व 1992 मध्ये डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन यांनी सूत्रबद्ध मांडलं: परवानगी भूमिकेला द्या, माणसाला भूमिका द्या. आज गिटहबवर 'स्टेजिंग' ही पेन्सिल, 'प्रॉडक्शन' ही शाई. प्रॉडक्शनच्या एन्व्हायर्नमेंटला मंजुरी देणारे नेमता येतात. मात्र स्वतःचं काम स्वतःच मंजूर करायला मनाई करणारी खूण तिथे वेगळी करावी लागते. ती राहिली, तर पेन्सिल आणि शाई एकाच हातात.

कोड चुकला तर बहुतेक वेळा मागे घेता येतो. पण हरकतीची संधी न मिळता सातबारावरून नाव गेलेल्या बाईला ते परत मिळवायला कचेरीचे किती खेटे घालावे लागतात, ते गावात विचारा. दुसरी सही त्यासाठी असते.