काठावरची अक्षरे : देवनागरी कळफलक आणि हिंगोली जिल्ह्यातील पाच नावे

टॅब्लेट-संगणकास जोडावयाच्या, घडी घालून मिटणाऱ्या कळफलकाच्या आवरणाविषयी सर्वत्र ऐकू येणारी तक्रार प्रायः तीन गोष्टींची असते. कळा दाटीने बसविलेल्या असतात. मांडीवर ठेवताच आवरण डगमगते. आणि उजव्या काठच्या कळा अर्ध्या रुंदीच्या केलेल्या असतात अथवा अन्यत्र हलविलेल्या असतात. यांपैकी पहिल्या दोन गैरसोयी कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्याला सारख्याच जाचतात. तिसरीचे तसे नाही. उजव्या काठावर इंग्रजी लिहिणाऱ्याचे अडते ते कंस, अवतरणचिन्ह वा अर्धविराम यांपाशी. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याचे मात्र तेथे च, छ, ट, ठ, ड, ढ, य आणि ऑ अडतात. हा भेद एकाएकी उत्पन्न झालेला नाही. त्याची पूर्वपीठिका पाहण्यास हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांची नावे पुरेशी आहेत : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत.

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राज्यात, परभणी जिल्ह्यात मोडत असे. तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर मराठी दप्तराचा जुना व्यवहार मोडीचा. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद फारसा पाळला जात नसे. बोरूच्या वेगाला तेच सोयीचे होते. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राजभाषेचे स्थान दिले. स्वतंत्र हिंगोली जिल्हा मात्र १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे कारकुनाच्या एका पिढीस उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू मागे टाकून बाळबोध देवनागरीकडे वळावे लागले, आणि तीही पुष्कळ अंशी यंत्रावरची.

हे यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडलेले होते. शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांची रचना रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणली, ती सव्वीस अक्षरांचा हिशेब धरून. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांची संख्या त्या कळांत मावणारी नव्हती. त्यावर काढलेली तोड कल्पक होती, हे मान्य केले पाहिजे. ख, घ, थ, ध, भ, श अशी उभ्या दंडाची अक्षरे पूर्ण न देता केवळ अर्धी द्यावयाची आणि काना जोडून ती पूर्ण करावयाची. वर-खाली लागणाऱ्या चिन्हांसाठी मृत कळा योजिल्या. त्या दाबल्या असता कागद पुढे सरकत नसे. ‘नागनाथ’ लिहिताना अखेरच्या थ साठी अर्धा थ आणि काना असे दोन ठोके पडत. तो काना स्वराचा नव्हे, अक्षराच्या देहाचाच भाग. ‘हिंगोली’चा आरंभ ह ने न होता वेलांटीने होई, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. येथे उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम यांची फारकत झाली, आणि टंकलेखकाच्या बोटांत ती कायमची मुरली. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढले. त्यामुळे यंत्र देशी झाले, पण देवनागरीची ही अडचण देशी बनावटीने सुटण्यासारखी नव्हती.

याच अडचणीने लिपिसुधारणेच्या चळवळीला बळ दिले. सावरकरांच्या पुरस्काराने प्रसिद्धीस आलेल्या ‘अ’च्या बाराखडीने स्वतंत्र स्वरचिन्हांची संख्या घटत होती. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर लिहिण्याची शिफारस केली. पण ती टिकली नाही आणि काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. या प्रयत्नांमागील हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि यंत्राच्या अपुरेपणाचा दोष त्यात लिपीच्या माथी मारला गेला, हेही नाकारता येत नाही.

संगणकाने वेलांटीचा प्रश्न निकालात काढला. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे आणि क्रम उच्चाराचा. ह आधी, वेलांटी नंतर. सर्व भारतीय लिप्यांस एकच मांडणी लागू पडावी, ही तिच्यामागील दृष्टी शास्त्रशुद्ध होती. परंतु व्यंजने एका हाताकडे सोपविल्यावर ती रोमन अक्षरांच्या सीमेत राहणे शक्य नव्हते. ती उजव्या काठावर सांडली. अर्धविरामाच्या कळेवर च आला, कंसाच्या कळेवर ड, तिरप्या रेघेच्या कळेवर य. पूर्ण आकाराच्या कळफलकावर यात काही बिघडत नाही. आवरणाच्या कळफलकाचा आराखडा करणाऱ्याने मात्र याच कळा कमी महत्त्वाच्या मानून आकुंचित केल्या. मराठीत षष्ठीचा प्रत्यय चा-ची-चे-च्या असा आहे. ‘जिल्ह्याच्या’ या एका शब्दात च एकदा आणि य दोनदा येतो, आणि हे तिन्ही ठोके करंगळीने काठच्या अरुंद कळांवर द्यावे लागतात. असे शब्द शासकीय पत्राच्या प्रत्येक ओळीत येतात. लिपिक पदाच्या भरतीत मिनिटास तीस मराठी शब्दांची अट असते. तिच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक ठरत नाही.

पाच नावांकडे पुन्हा वळले असता भेद स्पष्ट होतो. ‘हिंगोली’ची सर्व चिन्हे मधल्या, पूर्ण रुंदीच्या कळांवर आहेत. ‘वसमत’ व ‘सेनगाव’ यांचेही तसेच. ‘कळमनुरी’साठी ल च्या कळेवर वरची कळ जोडून ळ काढावा लागतो, पण ती कळ जागेवर असते. ‘औंढा’मधील ढ मात्र कंसाच्या कळेवर आहे, तोही वरच्या कळेसह, कळ हलविलेली असेल तर तिसरे बोट शोधावे लागते.

या जाचामुळे पुष्कळ जण इन्स्क्रिप्ट सोडून रोमन अक्षरांत लिहितात आणि देवनागरी रूप यंत्रावर सोपवितात. तेथे वेगळी हानी होते. रोमन लेखनात ल आणि ळ, न आणि ण, ध आणि ढ यांचा भेद सहसा राहत नाही. ‘कळमनुरी’चे ‘कलमनुरी’ होणे त्यात सहज संभवते. ‘औंढा’ रोमनमध्ये लिहिला की यंत्रापुढे ‘औंधा’ व ‘औंढा’ ही दोन्ही रूपे उभी राहतात, आणि सातारा जिल्ह्यातील औंध त्यांच्यापासून एका कान्याच्याच अंतरावर असते. कोणते रूप सातबाऱ्यावर वा दाखल्यावर उतरावे, याचा निर्णय पडद्यावरच्या यादीतील पहिल्या शब्दावर बोट ठेवणाराच करतो.