शब्दवेध : आपोआप

फौजदारी कायद्यातल्या ‘ऑटोमॅटिझम’ या बचावाचं मूळ ग्रीक ‘ऑटोमॅटोस’मध्ये आहे. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. पुढच्या भागात विचार करणे या अर्थाचा धातू, आपल्या ‘मन’चा भाऊबंद. होमरच्या ‘इलियड’मध्ये स्वर्गाची दारं अशीच आपणहून उघडतात. मुळात अर्थ ‘स्वतःच्या मनानं चालणारा’. कायद्यात तो उलटला : देह हलतो, मन त्यात नसतं.

१९८७ मध्ये कॅनडातले केनेथ पार्क्स सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेले. त्यांनी सासूला ठार केलं, सासऱ्यांना जबर जखमी केलं. हे सारं झोपेत घडलं, हा बचाव ज्युरीनं मानला. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मुक्तता कायम ठेवली. एका घराचं केवढं दुःख, आणि दोषी कुणीच नाही!

मनानं केलेलं आणि मनाविना घडलेलं, हा भेद मराठी एका प्रत्ययात दाखवते : ‘हातानं केलं’ आणि ‘हातून घडलं’. पण ‘हातून’ साध्या चुकीलाही लागतो, म्हणून तो इथे पुरत नाही. ‘आपोआप’मधला ‘आप’ संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आला, म्हणजे तोही ‘स्वतः’च. ऑटोमॅटिझमला माझ्या मते ‘अनैच्छिक कृती’पेक्षा ‘आपोआप घडलेली कृती’ हाच शब्द अधिक नेमका.