दापोडी ते वाकड : परराज्यातील कुटुंबांच्या वस्तीची दोनशे वर्षे

पुण्याच्या वायव्येस, मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ दापोडी वसली आहे. मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी आणि तिच्याबरोबर पुणे महापालिकेची हद्द मागे राहते. पलीकडे पिंपरी-चिंचवड सुरू होते. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कामगारांची दाट वस्ती ही दापोडीची आजची ओळख आहे. बाहेरून आलेल्या सधन कुटुंबांनी राहण्यासाठी निवडलेल्या पुण्याच्या परिसरातील पहिल्या काही ठिकाणांपैकी एक मात्र हेच होते. तेथून सुरू झालेला वस्तीचा प्रवास पिंपरी, आकुर्डी, निगडी, पिंपळे सौदागर आणि वाकड असा पश्चिमेकडे सरकत गेला. या दोनशे वर्षांत नोकरीचे ठिकाण, पाणी, रस्ता आणि मुलांची शाळा या चार कसोट्या फारशा बदलल्या नाहीत. बदलले ते एवढेच, की पूर्वी घर कोठे असावे हे नोकरी देणारा मालक ठरवत असे आणि आता ते कुटुंबाला ठरवावे लागते.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत बाजीराव दुसरा याच्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती फौज उभारण्यात आली. तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड होता आणि तिचा तळ दापोडीला होता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा ही फौज दापोडीहून निघून कर्नल बर याच्या सैन्याला मिळाली. फोर्डने दापोडीत मोठा बंगला बांधला होता. 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झालेल्या सर जॉन माल्कमने पुढच्याच वर्षी ही मिळकत सरकारसाठी विकत घेतली. तेव्हापासून पावसाळ्यातील गव्हर्नरचे निवासस्थान दापोडीला आले. मुंबईतील दमट हवा आणि रोगराई टाळण्यासाठी उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे असा सरकारचा मुक्काम हलू लागला होता. हवा, नदीचे पाणी, मुंबईचा रस्ता आणि जवळच खडकीची छावणी, एवढ्या सोयी एकत्र मिळत असल्याने दापोडी या कामासाठी योग्य ठरली.

याच परिसरात 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. परदेशी झाडे इथल्या मातीत रुजतात का हे पाहणे, औषधी वनस्पती वाढवून लष्करी रुग्णालयांना पुरवणे आणि शेतकऱ्यांना नवी पिके देणे हे त्याचे काम होते. 1838 मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे उद्यानाची सूत्रे आली. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका भारतीय चित्रकाराकडून येथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. चित्रकाराच्या नावाची नोंद राहिली नाही, पण ही ‘दापुरी चित्रे’ आज एडिंबरा येथील शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात जपलेली आहेत. दापोडीचे नाव जगातील वनस्पतीशास्त्रज्ञांना माहीत आहे ते या चित्रांमुळे.

1860 च्या दशकात गव्हर्नरच्या निवासस्थानाचा मान दापोडीकडून गेला. सर बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत गणेशखिंडीत नवे राजभवन बांधण्यास सुरुवात झाली आणि 1865 च्या सुमारास दापोडीची मिळकत विकण्यात आली. गणेशखिंडीची ती इमारत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याआधी 1858 मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली होती आणि 1869 मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. नदीच्या या पट्ट्यात बंगल्यांऐवजी कारखाने, रूळ आणि लष्करी जमिनी वाढू लागल्या. 1890 ते 1895 या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसचे नाव मिळालेल्या दगडी पुलाने मुंबईकडची वाहतूक पक्की केली. सत्तेचे निवासस्थान गेले आणि दापोडी वाहतुकीच्या व उद्योगाच्या वाटेवरचे गाव झाली.

स्वातंत्र्यानंतर परराज्यातील कुटुंबे दापोडीला आली ती सैन्याच्या मार्गाने. रुरकी येथे 1943 मध्ये स्थापन झालेली लष्करी अभियांत्रिकी शाळा 1948 मध्ये दापोडीला हलवण्यात आली आणि 1951 मध्ये तिला महाविद्यालयाचे नाव मिळाले. या संस्थेच्या विस्तीर्ण आवारात पंजाबपासून केरळपर्यंतच्या अधिकाऱ्यांची आणि जवानांची कुटुंबे राहू लागली. घर, दवाखाना, दुकान आणि मैदान हे सारे आवारातच असे. दर काही वर्षांनी बदली होणाऱ्यांची मोठी चिंता मुलांच्या शिक्षणाची होती. 1963 पासून देशभर सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांनी ती कमी केली. एकच अभ्यासक्रम असलेली शाळा महाविद्यालयाच्या आवारातही सुरू झाली. राज्य बदलले तरी मुलाचे वर्ष वाया जात नाही, ही खात्री बदलीवर असलेल्या कुटुंबाला इतर सोयींपेक्षा मोलाची वाटे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना निवडीला वाव नव्हता. सरकारने त्यांच्यासाठी पिंपरीला छावणी उभारली आणि त्या छावणीतूनच आजची पिंपरी बाजारपेठ वाढली. मागे परतण्याची वाट नसल्याने या कुटुंबांनी व्यापाराच्या बळावर मिळालेली जागाच आपली केली. पुढे कारखान्यांत आलेल्या हजारो परराज्यीय कुटुंबांकडे कापड, भांडी आणि किराणा या बाजारातून जात असे.

1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्याबरोबर झाडांनी भरलेली, शाळा आणि दवाखाना असलेली वसाहतही उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ येथे राहायला आले. कवकशास्त्रज्ञ एम. जे. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन या बुरशीरोधक औषधाचा शोध याच कंपनीच्या प्रयोगशाळेत लावला. त्या काळी पुणे शहर येथून लांब वाटे. बससेवा मोजकी होती आणि खाजगी वाहन फार थोड्यांकडे होते. त्यामुळे कंपनीची वसाहत हाच बाहेरून आलेल्या मध्यमवर्गाचा पहिला खरा शेजार झाला. क्वार्टर मिळणे हा नोकरीतील मोठा लाभ समजला जाई.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या जमिनींवर कारखान्यांची रांग लागली. दापोडीत सँडविक आणि अल्फा लाव्हल, आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत टेल्को अशी नावे मुंबई-पुणे रस्त्यावर दिसू लागली. टेल्कोच्या नोकरीमुळे जमशेदपूरची अनेक कुटुंबे या भागात आली. कोलकात्यात जन्मलेल्या राहुल बजाज यांनी आकुर्डीच्या कारखान्यालगतच्या कंपनी वसाहतीतच संसार केला आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण आकुर्डीच्या सेंट उर्सुला शाळेत झाले. मालकाने कामगारांच्या शेजारी राहावे, मुलांनी गावातल्याच शाळेत जावे, हे त्या पिढीच्या औद्योगिक वस्तीचे वैशिष्ट्य होते. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये तिची महानगरपालिका. कारखान्यांच्या मालावरील जकातीने तिची तिजोरी भरली आणि त्यातूनच रुंद रस्ते, उद्याने व पाणीयोजना झाल्या.

कंपनीच्या क्वार्टरमधून स्वतःच्या घरात जाण्याची सोय 1972 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने केली. कामगारांना परवडणारी घरे देणे हा त्याचा मूळ हेतू होता. निगडी आणि आकुर्डीत सेक्टर आखले गेले; सरळ रस्ते, बागा, शाळांसाठी राखीव भूखंड आणि ठरावीक मोकळी जागा मिळाली. भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जात. आखणी चांगली असल्याने तेथे अधिकारी, डॉक्टर आणि लघुउद्योजक यांचे बंगले उभे राहिले आणि ‘प्राधिकरणात राहतो’ हे शब्द प्रतिष्ठेचे झाले. मात्र भाडेपट्ट्याच्या घराचे हस्तांतर करताना परवानगी आणि शुल्क लागत असल्याने बाहेरून येऊन घर विकत घेणाऱ्याला कागदपत्रे बारकाईने पाहावी लागत. 2021 मध्ये प्राधिकरण बरखास्त झाले. विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेली जमीन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली.

परराज्यातील कुटुंबांनी या काळात आपल्या संस्थाही उभ्या केल्या. चिंचवड मल्याळी समाजमने शाळा चालवली, दक्षिणेकडील कुटुंबांनी निगडीत कृष्णमंदिर बांधले. नव्याने येणारा माणूस आपल्या भाषेचे शेजारी, आपली देवळे आणि आपल्या मुलांसाठी शाळा जेथे असेल तेथे घर शोधू लागला. नातेवाइकाने किंवा कारखान्यातील सहकाऱ्याने सांगितलेला पत्ता हेच तेव्हा घर निवडण्याचे मुख्य साधन होते.

या साऱ्या वाढीत दापोडी सधन उपनगर का झाली नाही, याचे उत्तर तिच्या भूगोलात आहे. एका बाजूला लष्कराची जमीन, दुसऱ्या बाजूला नद्या, मधून रेल्वे आणि महामार्ग. मोकळी, सलग जमीन तिला उरली नाही. जी होती तिच्यावर कार्यशाळा, कारखाने आणि कामगारांच्या चाळी आल्या. पवनेच्या पलीकडच्या पिंपळे गुरव आणि सांगवी येथे मात्र शेतजमिनी होत्या. त्यामुळे पुढच्या काळातील सोसायट्या तिकडे उभ्या राहिल्या आणि दापोडीने कामाची जागा म्हणूनच त्यांना आधार दिला.

1990 च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क आकाराला आला आणि वस्तीचा गुरुत्वमध्य पश्चिमेकडे सरकला. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाकड, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख येथे बागायती आणि जिरायती रानात इमारती उभ्या राहू लागल्या. 1997 मध्ये महापालिकेची हद्द वाढून रावेत, पुनावळे, मोशी ही गावे आत आली होती. त्यांचीही पाळी लवकरच आली. माहिती तंत्रज्ञान कंपन्या क्वार्टर बांधत नव्हत्या. आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू येथून आलेल्या तरुण जोडप्यांना घर स्वतःच शोधावे लागले. तेथून उपनगरांची तुलना हा प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र उद्योग झाला.

वस्तीचे दुसरे टोक चाकणच्या कारखान्यांनी ओढले. बजाजचा कारखाना तेथे 1999 मध्ये, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने 2009 मध्ये सुरू झाले. मर्सिडीजच्या परदेशी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी हिंजवडीत 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय शाळा निघाली होती. पुढे ती महिंद्रा समूहाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखाना चाकणला आणि शाळा हिंजवडीला असे झाल्यावर घर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी शोधणे भाग पडले. पती हिंजवडीत आणि पत्नी चाकणमध्ये नोकरीला असेल तर वाकड, रावेत आणि प्राधिकरण यांच्यातून निवड करताना रोजचा प्रवास हीच मुख्य कसोटी ठरते.

या भागांत उणीव मात्र सारखी नाही. प्राधिकरणात झाडे, रुंद रस्ते आणि जुन्या शाळा आहेत, पण हिंजवडी लांब पडते आणि घरांच्या हस्तांतराचे नियम वेगळे आहेत. पिंपळे सौदागर आणि वाकड हिंजवडीला जवळ आहेत, परंतु वस्ती फार वेगाने वाढल्याने रस्ते अपुरे पडतात. रावेत आणि पुनावळे येथे नवी घरे मिळतात, मात्र शाळा आणि दवाखान्यांची वाढ घरांच्या मागून आली. मोशी चाकणला जवळ आहे. नदीपलीकडचे औंध आणि बाणेर पुणे महापालिकेत येतात, त्यामुळे कर, पाणी आणि बससेवा यांचा विचार वेगळा करावा लागतो. पाण्याची कसोटी सर्वांत कठीण आहे. पवना धरणातून येणारे पाणी वाढत्या वस्तीला पुरेनासे झाल्याने पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2019 च्या अखेरीपासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. त्यामुळे भव्य प्रवेशद्वार असलेल्या सोसायटीपेक्षा पाण्याची मोठी टाकी असलेली साधी सोसायटी जाणकार कुटुंब पसंत करते.

कायद्यांनीही या निवडीला आकार दिला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. अकरा महिन्यांचा करार ही रूढ झालेली रीत परराज्यीय कुटुंबाला भाग तपासून पाहण्याची मुदत देते. 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे कोणत्याही उपनगरात घर घेतले तरी बाहेरून आलेल्या मुलाला मराठी लिहायला-वाचायला शिकावे लागते. घराच्या निवडीने शेजार मिळतो. भाषा मात्र शाळेतून घरात येते.

ऑगस्ट 2023 मध्ये मेट्रो फुगेवाडीहून पुढे शिवाजीनगरकडे धावू लागली आणि दापोडीला स्थानक मिळाले. रस्त्यावरील कोंडीला पर्याय असलेला प्रवास आता शक्य झाला आहे. कारखान्यांच्या बाजूने पाहता सोयीची, पण घरांच्या बाजूने दुर्लक्षिलेली ही जागा पुन्हा विचारात घेतली जाऊ लागण्याची ही सुरुवात आहे. माल्कमने पाहिलेल्या हवा, पाणी आणि रस्ता या गोष्टी आजही मोलाच्या आहेत. फरक इतकाच, की तेव्हा त्यांचा हिशेब एका सरकारने केला. आज तो प्रत्येक कुटुंब स्वतः करते, आणि म्हणून महापालिकेने पाणी, शाळा आणि रस्ता यांची खरी माहिती नागरिकांपुढे ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.